बांधलेला बावटा

आंबेखोल बंदर,
ता. २७ ऑक्टोबर १९३१

सौ. दमयंतीस अनेक आशीर्वाद.

वेळणेश्वराला टपाल उशिरा पोचतं हे मला ठाऊक आहे, पण इतकं उशिरा पोचत नाही. तेव्हा तू उत्तर देत नाहीस असंच धरून चालतो आणि तरीही लिहितो. न लिहून करू काय? घरात बोलायला कोणी नाही. काल मी मांजराला विचारलं, पाणी तापलं का म्हणून.

भात रोज करपतो. आपल्या गोदीचा झोपाळा ओटीवर तसाच आहे. त्याची एक दोरी सुटली होती, ती मी बांधली आणि बसून बघितलं. कंबर अजून दुखते आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "तुम्ही गाठ मारायला जाऊ नका, तुमचं धोतर कमरेला राहतं तीच देवाची कृपा," आणि नानांना हाक मारली असतीस. नानांची तब्येत कशी आहे? ते ह्या जावयाचं नाव काढतात का? काढत असतील तर कसं काढतात ते कळव, वाईट असलं तरी चालेल.

आता मुद्द्याचं. रत्नागिरीच्या कचेरीत साहेबापुढे चौकशी व्हायची आहे. तिथे मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. म्हणून तालीम करतो आहे, आणि ऐकायला तूच. तुला सगळं माहीत आहे, तरी ऐक.

साहेब, आमच्या बंदराला धक्का नाही. आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी राहते, शिट्टी देते, मग पडाव उतारू घेऊन तिच्याकडे जातो आणि तिच्यावरचे उतारू घेऊन येतो. खाडीच्या तोंडावर लाटा फुटत असल्या की काठीवर तांबडा बावटा चढवायचा, म्हणजे बोट इथे न थांबता सरळ रत्नागिरीला जाते. नियम असा आहे. पण बोट थांबली नाही तर इथे कोणालाच परवडत नाही. कंपनीच्या एजंटाला मुंबईहून झाडणी येते. पडाववाल्यांची खेप जाते, हमालांची मजुरी जाते, आणि वर्षानं घरी येणारा माणूस स्वतःच्या दारावरून पुढे जाऊन दुसऱ्या दिवशी बैलगाडीनं उलटा येतो. म्हणून आमच्या बंदरानं एक सोय काढली. बावटा चढवायचा, पण गुंडाळून, वरून सुंभाचा तुकडा बांधून. काठीवर बावटा आहे, म्हणजे नियम पाळला. बोटीवरून तो दिसत नाही, म्हणजे बोट थांबली. ह्याला आमच्याकडे "बावटा निजवणं" म्हणतात. वाडीतली पोरंसुद्धा म्हणतात आणि हसतात. मी इथे तिकिटांचा कारकून होऊन आलो तेव्हा मीही हसलो होतो.

गणपतीच्या आधीच्या बोटीला समुद्र चांगला नव्हता. एजंट हरिश्चंद्रशेट (ह्या माणसाचं नाव ठेवताना बारशाला आलेल्या बायकांच्या मनात काय आलं असेल!) काठीखाली उभे राहून म्हणाले, "मुंबैची माणसां गणपतीला आलीत. बोट थांबाया पायजे. निजवा त्येला." बावटा निजला. बोट थांबली, शिट्टी झाली. शिट्टी झाल्यावर पडाव नेला नाही तर तांडेलाची लाज जाते, म्हणून महिपत तांडेल गेला. परत येताना खाडीच्या तोंडावर पडाव उलटला. महिपत गेला आणि चार उतारू गेले. मखरासाठी आणलेले रंगीत कागद पुढे कितीतरी दिवस वाळूवर येत होते.

शेटनी लगेच कंपनीला कळवलं की बावटा चढवलेला होता, तांडेलानं जुमानला नाही. महिपतनं! मेलेल्या माणसावर ढकललं की तो उलटून बोलत नाही. हे वाडीलाही रुचलं नाही, म्हणून सगळ्यांनी मिळून दुसरं शोधलं. बावटा वाऱ्यानं गुंडाळला गेला. दोष कोणाचाच नाही.

मामलेदार जबाब घ्यायला आले त्या सकाळी तू मला चहा दिलास आणि म्हणालीस, "एक शब्द म्हणा. वारा म्हणा. वाऱ्याला कोणी तुरुंगात घालत नाही." तू काय मागत होतीस ते मला कळत होतं. बावट्याची काठी कोणाच्या ताब्यात असते ते अख्ख्या बंदराला ठाऊक आहे. जहाजावरची नोकरी संपल्यावर नानांना ते एकच काम मिळालं होतं. त्यांना दुसरं काय येतं, आणि ह्या वयात देणार कोण?

मी वारा म्हटलं नाही. सुंभ म्हटलं. शेटनी बांधायला लावलं म्हटलं. संध्याकाळी तू गोदीला कडेवर घेतलंस आणि नानांबरोबर वेळणेश्वराला गेलीस.

साहेब विचारतील, सुंभ बांधला कोणाच्या हातानं? इथे माझी तालीम थांबते. मामलेदारांपुढे मी काय बोललो आणि काय गिळलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. वाडीत लोक काय म्हणतात ते तुझ्यापर्यंत आलं असेलच.

गोदीला माझा पापा. दात पडला का?

बाळकृष्ण


आंबेखोल बंदर,
ता. १५ नोव्हेंबर १९३१

सौ. दमयंतीस,

दिवाळी झाली. मी पणती लावली होती. एकच लावली, कारण तेल सांडलं.

कंपनीनं चौकशी पुरी होईपर्यंत आमचं बंदर बंद केलं आहे. मला कामावरून दूर केलं आहे. बोट आता थांबत नाही. बावटा असो नसो, ती समोरून निघून जाते. तिचा आवाज आला की लोक घराबाहेर येतात, तिच्याकडे बघत राहतात आणि ती गेली की माझ्या घराकडे बघतात. त्यांनी एकदा येऊन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. कोणी शिव्या देत नाही. मी दुकानात शिरलो की बोलणं थांबतं, सामान मिळतं, मी निघालो की बोलणं पुन्हा सुरू होतं. बाबल्या न्हावी म्हणाला, "हत्यारां धार लावाया दिलीत." गेल्या महिन्यापासून त्याची हत्यारं धारेलाच आहेत आणि माझी दाढी आता एखाद्या बैराग्याला शोभेल. गोदीनं बघितलं तर भिऊन रडेल.

मला वाटलं होतं, लोकांना सुटल्यासारखं होईल. सगळ्यांना माहीत होतं, सगळे मनातून भीत होते, कोणीतरी बोलायला हवं होतं. असं मला वाटलं होतं. आता कळतं की ज्यात सगळ्यांचे हात होते ते मी एकट्यानं उघडं केलं, आणि मी बाहेरचा. जावई झालो तरी बाहेरचाच.

महिपतची बायको गंगा आली होती. वाडीतलं ह्या घराची पायरी चढलेलं ते एकच माणूस. ती बसली नाही. दारातूनच म्हणाली, "भाऊ, तुमी खरा बोललात. ह्यांच्या नावावरचा डाग पुसलात. पर बोट गेली. माजा दीर हमाली करून आमाला बघायचा, तो मुंबैला चाललाय. आता खरा काय शिजवून घालू पोरांना?" जाताना तिनं पदराआडून सुके बांगडे काढले आणि पायरीवर ठेवले. मी ते अजून खाल्ले नाहीत. तिच्या घरातले आहेत हे मनातून जात नाही.

तू मला रागावून तरी लिही. "तुमच्या खरेपणानं आमचं वाटोळं झालं" एवढं एक वाक्य लिही. मी ते वाचत बसेन.

बाळकृष्ण


आंबेखोल बंदर,
ता. ६ जानेवारी १९३२

दमयंती,

आज मायना वगैरे राहू दे. मी चिडलेला आहे.

हरिश्चंद्रशेट घरी आले होते. शहाळी घेऊन आले आणि झोपाळ्यावर बसायला गेले. मी म्हटलं, बसू नका, गाठ माझी आहे. ते हसले. मलाही जरा हसू आलं, काय करू, कितीतरी महिन्यांनी कोणी माझ्या बोलण्यावर हसलं होतं. मग त्यांनी मुद्दा काढला. चौकशीत मी म्हणायचं की माझी नजरचूक झाली, मला सुंभ वाटला तो बावट्याचाच दोर होता, वाऱ्यानं गुंडाळी झाली. मग मी कामावर परत, बोट परत, नाना परत. "तुमची बायकोसुद्धा परत," असं ते म्हणाले. "अवो, एका शबदाचा काम. वारा काय जबाब द्येया येणार नाय."

तुझाच शब्द. तुझ्याच तोंडचा. तो तू त्यांना सांगितलास, का सगळ्या बंदरावर तो असाच पडलेला आहे, ते मला माहीत नाही.

मी त्यांना शहाळी परत न्यायला लावली नाहीत. इतका मी मोठा नाही. शहाळी ठेवून घेतली आणि हो किंवा नाही काहीच म्हटलं नाही. ते गेल्यावर मी ओटीवर बसून खरोखर विचार केला. वारा म्हटलं तर काय होईल? कोणाचं काही बिघडणार नाही. महिपतवरचा आळही जाईल. नाना पुन्हा काठीशी बसतील, तू चहा करशील, गोदी वाळूत खेळेल. आणि पुढच्या वर्षी गणपतीच्या आधी समुद्र खवळलेला असला तर? सुंभ तिथेच असेल. शेट तिथेच असतील. तोच शब्द पुन्हा चालेल आणि पडावात दुसरा कोणी असेल. मी हे कोणाला समजावून सांगू? तू समोर असतीस तर कदाचित तुलाही सांगता आलं नसतं, कारण तू रडली असतीस आणि मी ऐकलं असतं. तू गेलीस ते त्या दृष्टीनं बरंच झालं, असं लिहिणार होतो, पण ते खोटं आहे. अजिबात बरं झालेलं नाही.

आता तेही लिहून टाकतो. मामलेदारांनी मला विचारलं होतं, सुंभ बांधला कोणी? मी म्हटलं, ठाऊक नाही. काठीच्या खाली माझं टेबल, समोर नाना, आणि मी म्हटलं ठाऊक नाही. वाडीत सगळे म्हणतात मी सासऱ्याचं नाव दिलं. मी दिलं नाही. एवढं एक खोटं मी तुझ्यासाठी बोललो आणि त्याचंही फळ मला मिळालं नाही. हे मी आजवर लिहिलं नाही, कारण लिहिलं की उपकार दाखवल्यासारखं होतं. आज दाखवतो.

गोदीसाठी शंख जमवले आहेत. पाठवायचे कोणाबरोबर?

बाळकृष्ण


मु. रत्नागिरी, यमुनाबाई मावशींचं घर,
ता. २० फेब्रुवारी १९३२

सौ. दमयंतीस,

काल तू कचेरीच्या व्हरांड्यात बसली होतीस. किती वाळलीस! गोदीनं मला बघून हात वर केला आणि तू तो हलकेच खाली घेतलास. त्यात राग होता का भीती, मला लांबून कळलं नाही. तू आत नव्हतीस, म्हणून आत काय झालं ते लिहितो. नाना तुला सगळं सांगणार नाहीत.

कंपनीच्या वकिलानं मला धरलं ते नेमक्या त्या जागी धरलं. "काठीखाली तुमचं टेबल, आणि सुंभ कोणी बांधला ते तुम्हाला ठाऊक नाही? मग तो तुम्हीच बांधलात. आणि आता एजंटावर ढकलता." साहेबांनी मान वर केली. खोलीतल्या सगळ्यांना ते पटलं, मला दिसत होतं. मलाही क्षणभर पटलं. मी तोंड उघडलं असतं तर एकच नाव यायचं होतं, आणि तू बाहेर बसली होतीस.

नानांना कोणी बोलावलं नव्हतं. ते भिंतीशी बसले होते, घोंगडी पांघरून. ते उठले. शिपाई त्यांना बसवायला गेला तर त्यांनी त्याचा हात बाजूला केला.

"सायब," ते म्हणाले, "ह्या गड्याला गाठ येत नाय. ह्येच्या घरचा झोपाळा मी बांधून दिलाय. ह्येनी सुंभ बांधला असता तर वाऱ्याच्या पयल्या फुंकरीत सुटला असता, नि माजो महिपत आज जिता असता. सुंभ माजा. हात माजा. शेटनी सांगितलान, मी बांधला. त्येच्या आदी पण सांगितलान, त्येच्या आदी पण बांधला. वारा नव्हता."

मग ते खाली बसले आणि घोंगडी डोक्यावरून घेतली. महिपत त्यांच्याच हाताखाली तांडेल झाला होता, हे मला माहीत होतं. "माजो महिपत" म्हणताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं.

निकाल तुला कळला असेल. शेटची एजंटी गेली. नानांचं वय बघून साहेबांनी त्यांना फक्त कामावरून काढलं. बंदर पुन्हा उघडणार आहे. म्हणजे मी जिंकलो, असं म्हणायला हरकत नाही. मावशींनी काल गोड केलं होतं. मला दोन घासही गेले नाहीत.

पायऱ्या उतरताना मी नानांच्या पाया पडायला वाकलो. ते थांबले. "जावयबापू," ते म्हणाले, "मामलेदारापुढं माजा नाव का नाय घेतलात?" मी म्हटलं, तुम्हाला जपायचं होतं. ते म्हणाले, "सगळ्यांसंगती खरा बोललात नि माज्यासाठी खोटा? मी काय इतको बारको झालंय?" आणि तुझ्या खांद्यावर हात ठेवून ते बैलगाडीकडे गेले. तू मागे वळून बघितलंस का? मी खाली बघत होतो, मला दिसलं नाही.

त्यांना म्हणावं, चूक झाली.

बाळकृष्ण


आंबेखोल बंदर,
ता. २९ मार्च १९३२

सौ. दमयंतीस,

बोट पुन्हा थांबायला लागली. शिमग्याला मुंबईची माणसं इथेच उतरली. मी कामावर परत आलो आहे आणि तिकिटांबरोबर बावट्याचं कामही माझ्याकडेच दिलं आहे. नानांनंतर त्या काठीला हात लावायला वाडीतलं कोणी तयार होईना. नवा एजंट म्हणाला, तुम्हीच करा, तुमच्यावर कोणी शंका घेणार नाही. हे त्यानं कौतुकानं म्हटलं.

शिवरात्रीला इथली माणसं वेळणेश्वराच्या जत्रेला गेली होती. त्यातला दादू गाडीवान म्हणाला की नाना काठी टेकत देवळापर्यंत आले होते आणि गोदीनं भोपळ्याच्या आकाराचा फुगा घेतला. एवढी बातमी मला पंधरा दिवस पुरली.

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर आली. मी अंगण सारवलं होतं, मला जमलं तसं. नारळ, तांदूळ, ओटीचं सगळं ताटात काढून ठेवलं होतं. ढोल आमच्या अंगणाच्या गडग्यापर्यंत आले. पालखी पायरीशी आली, खांदेकऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि ती वळून शेजारच्या घरात गेली. दमयंती, मला मारलं असतं तरी चाललं असतं. देवी काय म्हणाली असती, ती तर पालखीत बसून होती, तिला कुठे जायचं ते कोणी विचारलं नाही. मी ताट उचलून आत आणलं. नारळ अजून देव्हाऱ्यात आहे.

बाकी ठीक. दाढी मी स्वतः करतो, गालावर खुणा आहेत. मी फार एकटा पडलो आहे. हे एकदा सरळ लिहायचं होतं, ते लिहिलं.

बाळकृष्ण


आंबेखोल बंदर,
मंगळवार, ता. २४ मे १९३२

दमयंती,

हे पत्र दादूच्या हातात देतो आहे. तो बैलगाडी घेऊन आत्ताच रत्नागिरीला निघतो आहे. तू मावशींकडेच उतरली असशील.

तुझं कार्ड आलं त्या दिवसापासून सांगतो. "मंगळवारच्या बोटीने गोदीला घेऊन येते. नाना म्हणाले, जा. गोदी लाटांना भिते, पडावातून घ्यायला या." एवढंच होतं, पण मी ते इतक्यांदा वाचलं की मांजरालाही पाठ झालं असेल. मोसमातली शेवटचीच बोट ही, पुढे पावसाळा. मी गंगेला सांगितलं आणि तिनं सगळ्या वाडीला. काय झालं कोण जाणे, पण माणसं बदलली. बाबल्या आपण होऊन आला, हत्यारं घेऊन. माझ्या गालावरच्या खुणा बघून "ह्या काय मुंडी कापलीत काय कोंबड्याची" म्हणाला. गंगेनं अंगण सारवलं. पडावावरचा नवा तांडेल शिवा, महिपतचा पुतण्या, त्यानं झोपाळ्याच्या दोऱ्या नव्यानं बांधून दिल्या. तू येणार म्हणून मला माफ केलं असेल, किंवा नुसतेच कंटाळले असतील. मी विचारलं नाही.

सकाळी समुद्र बरा होता. दुपारी जयगडच्या बाजूनं भरून आलं आणि खाडीच्या तोंडावर लाटा फुटायला लागल्या. मी बघत उभा राहिलो, आत्ता उतरतील, आत्ता उतरतील. लांबवर धूर दिसला. तू त्या बोटीवर होतीस.

सगळं बंदर जमलं होतं. शिवा माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "वयनी हाय बोटीवर. मी नेतंय पडाव, मी आणतंय दोघींना, काय होत नाय. तुमी बावटा तेवढा निजवा." मागून कोणीतरी म्हणालं, "वारा हाय, आपसूक गुंडाळला म्हनू." कोणीच चेष्टा करत नव्हतं. इतक्या महिन्यांनी ही माणसं माझ्याशी मायेनं बोलत होती, आणि बोलत होती ते हे. माझ्या हातात कोणीतरी सुंभाचा तुकडा दिला. मी तो धरून उभा होतो. खरं सांगतो, मी समुद्राकडे बघत नव्हतो. शिवा चांगला तांडेल आहे, एकदाच, पुन्हा कधी नाही, असं सगळं माझ्या मनात येऊन गेलं.

मग गंगा दिसली. ती गर्दीच्या बाहेर एकटी उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, शिवाकडे बघत होती. तिच्या घरातला कर्ता आता शिवा एकटाच.

मी सुंभ खिशात घातला आणि बावटा उघडा चढवला. वारा जोरात होता, तो लगेच फडफडला. शिवानं पडावाचा दोर हातातून खाली टाकला आणि तो वाळूत बसला.

बोट शिट्टी न देता समोरून गेली. इतकी जवळून गेली की कठड्याशी उभ्या बायकांच्या लुगड्यांचे रंग दिसत होते. त्यातली तू कोणती ते मला ओळखता आलं नाही. कोणीतरी एका लहान मुलाला उचलून धरलं होतं, ती गोदी असेल किंवा नसेलही. मी हात वर केला. सगळ्या बायकांना मिळून केला. बोट वळून दिसेनाशी झाली आणि लोक घरी गेले. पुन्हा माझ्याशी बोलतील का, ते मला आत्ता सांगता येणार नाही.

मी स्वतः यायला हवं होतं. पण बावटा वर असेपर्यंत मला काठी सोडून येता येत नाही, आणि समुद्र अजून तसाच आहे. दादूची गाडी मावशींच्या दारात उभी राहील. यायचं असलं तर गाडीत बस. नसलं तर त्याला जेवू घालून परत पाठव, मी काही विचारणार नाही. इतके महिने वाट बघून दारात आलेल्या बायकोला मी पुढे घालवलं, ह्यावर तू काय म्हणशील ते म्हण. मी ऐकून घेईन.

एक मात्र मागतो. बोट का थांबली नाही, असं गोदीनं विचारलं असेल. तिला वारा म्हणू नकोस. बाबांनी बावटा चढवला होता, म्हणून सांग.

बाळकृष्ण